परसातली चूल मांडताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मला इथे बहुतेक वेळा कवितेवर बोलायला बोलावतात. आज मात्र मी विटा, फरशी, पत्रा आणि सांडपाणी यांवर बोलणार आहे. विषय आहे घराबाहेरचं स्वयंपाकघर. ज्यांच्या घरामागे दहा-पंधरा फूट मोकळी जागा आहे, अशा अनेकांच्या मनात हल्ली ही कल्पना येते. कुणाला चुलीवरची भाकरी हवी असते. कुणाला सणासुदीचा मोठा स्वयंपाक करायला ऐसपैस जागा हवी असते. कुणाला तळणाचा ठसका घरात नको असतो. कल्पना चांगलीच आहे, पण आपण तिची सुरुवात उलट्या टोकाकडून करतो. आधी दुकानात जातो, चकचकीत दगड पसंत करतो, मग गवंडी बोलावतो आणि शेवटी घरातल्या बाईला सांगतो, 'हे बघ, तुझ्यासाठी केलंय.' मीही असंच केलं होतं. २००६ सालची गोष्ट. ते स्वयंपाकघर चार महिन्यांत ओस पडलं. २०११ मध्ये ते पाडून मी दुसरं बांधलं, आणि ते आजही वापरात आहे. या दोहोंच्या मधल्या पाच वर्षांत जे शिकलो, ते आज सांगतो.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. जुनं घर माळवदाचं. अम्मीनं तीस-पस्तीस वर्षं त्या घरात चूल फुंकली. धुराला वाट म्हणजे माळवदाला ठेवलेलं एक भोक, आणि पावसाळ्यात त्यावरही पालथं घमेलं घातलेलं असे. तरुणपणी मी त्या चुलीवर एक लांबलचक कविता लिहिली. धूर, निखारे, भाकरीचा पापुद्रा, सगळं तिच्यात होतं. लोकांनी वाहवा केली. अम्मीला वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, 'छान लिहिलंस. पण मी चूल पेटवायचे तेव्हा तू कुठं असायचास रे?' मी माळवदावर अभ्यासाला बसलेला असायचो. धूर कोंडायच्या आधीच पळायचो.

पुढे तिला दम लागू लागला. डॉक्टरांनी विचारलं, 'विडी, तंबाखू?' नाही. 'घरात कुणी ओढतं?' नाही. 'चुलीवर किती वर्षं?' या तिसऱ्या प्रश्नानंतर ती कविता मी कुठल्याही संमेलनात वाचलेली नाही.

ही एकट्या आमच्या घरची कथा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात स्वयंपाकाच्या इंधनामुळे घरात कोंडणाऱ्या दूषित हवेपायी जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. विडी कधी हातात न धरलेल्या बायकांना फुप्फुसांचा जुनाट विकार जडतो, त्यामागे बरेचदा हाच धूर असतो. आपल्याकडे या प्रश्नाचा विचार जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धुराड्याची 'मगन चूल' घडवली. हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या चुलीवर पुस्तिकाच काढली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गरीब घरांपर्यंत गॅसची जोडणी पोचू लागली. हे सगळं झाल्यावर आपण हौसेनं पुन्हा चूल मांडणार असू, तर निदान जुनी चूक तरी परत करू नये.

म्हणून पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगतो. चूल उघड्यावर नेली म्हणजे धुराचा प्रश्न सुटला, असं होत नाही. घर धुरातून सुटतं, पण चुलीवर वाकलेल्या माणसाच्या नाकातोंडात धूर जातच राहतो. तेव्हा रोजचा चहा, भाजी, वरण गॅसवर करा. चूल भाकरीपुरती, सणापुरती, मोठ्या पातेल्यापुरती ठेवा. बाहेरच्या स्वयंपाकघरात या दोन्हींची सोय हवी.

आता जागा. आपल्या पठारावर जून ते सप्टेंबर वारा मुख्यत्वे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि पाऊसही त्याच बाजूनं झोडपतो. थंडीत वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतो. मी पहिलं स्वयंपाकघर पश्चिमेच्या कुंपणभिंतीला टेकवून बांधलं, कारण तिथली भिंत आयती मिळत होती. पहिल्याच पावसात वाऱ्यानं सगळा धूर मागच्या दारातून थेट अम्मीच्या खोलीत आणून सोडला. बाहेर काढलेला धूर आम्ही पाहुण्यासारखा परत घरात घेतला. म्हणून जमत असेल तर घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला जागा धरावी. पावसाळ्यात घरच आडोसा देतं, आणि दुपारनंतरचं ऊनही अडवतं. थंडीत वारा उलटा फिरतो, तेव्हा चुलीची जागा दार-खिडक्यांच्या अगदी समोर येणार नाही, एवढं पाहायचं.

पुस्तकातल्या दिशांवर फार विसंबू नका. शेजारची दुमजली इमारत, बोळ, मोठं झाड, हे सगळे वारा वळवतात. सोपा उपाय म्हणजे ठरवलेल्या जागी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एका घमेल्यात थोडा ऊद किंवा ओलसर गवत पेटवा आणि धूर कुठे जातो ते बघा. आणि एकट्या आपल्या घराकडे बघू नका. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे धूर गेला, तर पुढची वीस वर्षं कपाळाला आठ्या बघाव्या लागतात.

झाडाची सावली हवी, पण चूल झाडाच्या ऐन खाली नको. पानं पडतात, पाखरं घाण करतात, आणि आच लागून फांदीही वाळते. शेतातलं घर असेल, तर कडब्याच्या गंजीपासून चूल शक्य तितकी लांब ठेवा. उन्हाळ्यात सुटलेली एक ठिणगी वर्षभराची वैरण नेते.

जागा धरली, आता माप. इथे टेप काढण्याआधी एक काम करा. घरात स्वयंपाक चालू असताना एक दिवस कोपऱ्यात गुपचूप बसून फेऱ्या मोजा. मी २०११ मध्ये तसं केलं. चार माणसांच्या एका वेळच्या जेवणासाठी आमच्या बाहेरच्या आणि आतल्या स्वयंपाकघराच्या मध्ये बायकोच्या एकेचाळीस फेऱ्या झाल्या. मीठ आत, पाणी आत, सांडशी आत, पीठ आत. बाहेर होती ती नुसती आग. बाहेरची जागा का ओस पडली, याचं उत्तर त्या एकेचाळीस फेऱ्यांत होतं. तेव्हा आतल्या ओट्यापासून बाहेरचा ओटा पंधरा-वीस पावलांच्या आत असावा, आणि वाटेत पायरी शक्यतो नसावी. उकळत्या आमटीचं पातेलं हातात असताना सहा इंचांची पायरीही डोंगर होते. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उचलावंच लागतं. तिथे पायरीऐवजी लांब, कमी चढाचा खरबरीत उतार करावा.

दोन माणसांना वावरता यावं, असं आठ फूट बाय दहा फूट माप बहुतेक घरांना पुरतं. मांडणी सरळ कामाच्या क्रमानं करावी. सामान ठेवायची जागा, मग धुण्याची, मग चिरण्याची, मग गॅस, आणि शेवटच्या टोकाला चूल. चुलीच्या आणि गॅसच्या मध्ये अंतर हवं, आणि चूल मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

उंचीचा प्रश्न त्याहून नाजूक. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीनं ठरते, आणि गवंडी स्वयंपाक करत नाही. जी व्यक्ती रोज उभी राहणार तिला उभं करा, कोपरात हात वाकवायला सांगा आणि कोपरापासून चार इंच खाली खूण करा. चिरण्याचा ओटा तिथे. शेगडीचा भाग त्याहून तीन-चार इंच खाली, कारण शेगडीची आणि पातेल्याची उंची वर येते. चुलीचं पूर्वी एकच माप होतं, जमिनीवर. अम्मीचे गुडघे गेले तेव्हा तिला जमिनीवर बसवेना आणि उभं राहून भाकरी थापवेना. आम्ही तिची चूल जमिनीपासून दीड फूट उचलली आणि समोर पाठ टेकता येईल असं लाकडी बैठं स्टूल ठेवलं. काटवट शेजारच्या कट्ट्यावर. तेव्हा कुठे तिचा हात पुन्हा भाकरीला लागला. मोठ्या देगीसाठी, म्हणजे ईदचा पुलाव किंवा लग्नकार्याची आमटी यांसाठी, मात्र जमिनीलगतच चूल हवी. चाळीस किलोचं उकळतं भांडं उंचावरून उतरवण्याचा हट्ट कुणी करू नये.

आता सामानाकडे वळू. माझा अनुभव असा की कुठलीही वस्तू निवडताना तिला तीन प्रश्न विचारावेत. आग लागली तर तुझं काय होईल? पाणी पडलं तर काय होईल? आणि रोज पुसायचं कुणी? दुकानात आपण चौथाच प्रश्न विचारतो, दिसतं कसं?

पहिला प्रश्न चुलीला. मी पहिल्यांदा मोठ्या कौतुकानं काळा ग्रॅनाइट बसवला आणि गवंड्यानं चूल थेट त्यावरच रचली. दुसऱ्या ईदला देग उतू गेली, कुणीतरी वर गार पाणी मारलं, आणि दगड बंदुकीच्या बारासारखा आवाज करून उभा चिरला. त्यात दगडाचा दोष नव्हता. ग्रॅनाइटमध्ये वेगवेगळ्या खनिजांचे कण असतात आणि तापल्यावर ते सारखे प्रसरण पावत नाहीत. मधला भाग लालबुंद, कडा थंड, आणि वर पाणी. तो फुटणारच. ग्रॅनाइट चिरायच्या ओट्याला उत्तम. लिंबू, चिंच, तेल, कशाचाच त्याला फारसा डाग पडत नाही. पण चुलीपासून त्याला हातभर लांब ठेवा.

शहाबादी फरशी आणि कडप्पा हे आमच्याकडे सहज मिळणारे दगड. दोन्ही मुळात चुनखडीचे. स्वस्त, टिकाऊ, बैठकीला गार. पण चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी पांढरा डाग. आणि थेट आगीत तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून कडप्पा मांडणीला, फळ्यांना, पाण्याच्या भांड्यांच्या कट्ट्याला वापरावा. नदीतले गोटे मात्र चुलीला कधीच लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून अंगावर उडतो.

मग चूल कशाची करायची? जुन्या बायका करत होत्या त्याचीच, मातीची. पण कुठलीही माती चालत नाही. शेतातली काळी माती वाळली की भेगाळते. गावठाणातली पांढरी माती किंवा तांबडी माती चाळून घ्यावी, तिच्यात शेण आणि बारीक भुसा घालून चार दिवस भिजत ठेवून तुडवावी. भुशामुळे माती तडकत नाही, आणि आत जळून गेल्यावर राहिलेल्या बारीक पोकळ्या उष्णता धरून ठेवतात. जास्त टिकाऊ हवी असेल तर आतून भट्टीच्या विटा लावा. त्यांना फायर ब्रिक म्हणतात. साधी चांगली भाजलेली वीटही चालते. मात्र विटा जोडायला सिमेंट नको. सिमेंटमध्ये बांधलेलं पाणी विस्तवानं उडून जातं आणि सांधे भुगा होऊन गळतात. आतले सांधे मातीचेच ठेवा, किंवा भट्टीची माती म्हणून जी फायर क्ले मिळते, तिचे करा. बाहेरून हवी तर विटांची भिंत सिमेंटची करा, पण दोहोंच्या मध्ये बोटभर फट सोडून ती राखेनं किंवा वाळूनं भरा. आतली चूल तापून फुगते, तिला जागा लागते.

सिमेंट आणि माती यांचे स्वभावही उलटे. सिमेंटला बांधल्यावर आठ-दहा दिवस पाणी मारावं लागतं. मातीची चूल दोन आठवडे सावलीत वाळू द्यावी लागते. घाईनं उन्हात वाळवली किंवा पहिल्याच दिवशी भडका केला, की भेगा पडल्याच समजा. पहिले तीन-चार दिवस नुसत्या काटक्यांचा मंद जाळ करावा. पुढे दर आठवड्याला मातीचा हात फिरवावा. पोतेरं फिरवलेली चूल स्वच्छ तर दिसतेच, शिवाय बारीक भेगा बुजून धूर बाजूनं फुटत नाही.

चुलीला धुराडं हवंच, उघड्यावर असली तरी. ते पत्र्याच्या नळीचं करावं. प्लास्टिकची नळी वितळते. जुन्या घरांत असते तशी सिमेंटची नळी बहुधा ॲस्बेस्टॉसची असते, आणि त्याचे तंतू श्वासात जाणं कर्करोगाला निमंत्रण. धुराड्याचं तोंड छपराच्या सर्वांत उंच कडेच्या वर निदान दोन फूट जायला हवं, नाहीतर वारा धूर खाली दाबतो. वर पावसाची टोपी, खाली काजळी काढायला झाकण. दर महिन्याला नळी झटकली नाही, तर धुराडं नुसतं शोभेचं उरतं. आणि लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा अर्धा जाळ पाणी उडवण्यातच जातो. बाभूळ फोडून सहा महिने सावलीत रचून ठेवावी. पेटवणाला तुराट्या, पऱ्हाट्या आहेतच. रंगवलेली फळकुटं, प्लायवूडचे तुकडे, दुधाच्या पिशव्या चुलीत नकोत. जळणाचा ढीग दगडांवर उचलून आणि चुलीपासून चार पावलं लांब ठेवा. विंचवालाही ती जागा आवडते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. तो सगळ्यांत आधी पायाला विचारायचा. आमच्याकडे काळी जमीन. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरवर ठेवलेला ओटा दोन वर्षांत तिरका होतो. मुरूम लागेपर्यंत खणून पाया घ्या. खर्च दिसत नाही, पण वाचवायची जागा ही नव्हे. तळाला गुळगुळीत टाइल नकोत. मी बसवल्या होत्या. तेल आणि पाणी एकत्र आलं आणि बायको घसरून पडली, मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये. आता खरबरीत, बिनपॉलिशची शहाबादी आहे, आणि चार फुटांना एक इंच असा उतार आहे.

सांडपाणी कुठे जाणार, हे ओटा बांधायच्या आधी ठरवा. पाइपच्या तोंडाशी जाळी, मग तेल-खरकटं अडवणारी एक छोटी टाकी, आणि पुढे शोषखड्डा. साधारण तीन-चार फूट लांब-रुंद-खोल, खाली मोठे दगड, वर लहान, त्यावर जाड वाळू. काळ्या जमिनीत खड्डा लवकर तुंबतो. तिथे पाणी केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात सोडलेलं बरं. विहीर, बोअर यांच्यापासून खड्डा निदान पन्नास फूट लांब हवा. हात धुवायचा नळ आणि भांड्यांचा नळ एकच ठेवला तरी चालतो, पण तो चुलीपासून पाच-सहा फुटांवर असावा. तापलेल्या विटेवर शिंतोडे नकोत आणि भाजलं तर पाणी मात्र लगेच हाताशी हवं.

छपराला आग आणि पाणी दोन्ही सोसावं लागतं. गवताचं, झावळ्यांचं किंवा प्लास्टिकच्या कागदाचं छप्पर चुलीवर नकोच. सिमेंटचा पत्रा जुना असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा, आणि आगीत तो फुटून उडतो. लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त आणि हलका. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा सात फुटांवरचा पत्रा म्हणजे डोक्यावर दुसरी चूल. तो लावायचाच तर खालच्या कडेला आठ फूट, वरच्या कडेला दहा-अकरा फूट उंच लावा, वरून पांढरा रंग द्या, आणि भिंत व पत्रा यांत फूटभर मोकळं सोडा. तापलेली हवा तिथून निघून जाते. मंगळुरी कौलं सर्वांत सुखाची. फटींतून धूर झिरपतो, उष्णता अडते. फक्त उतार चांगला द्यावा लागतो आणि माकडांचा उपद्रव असेल तर दरवर्षी शेकारणी ठरलेली. खांब लाकडाचे असोत की लोखंडाचे, ते जमिनीत पुरू नका. दगडाच्या किंवा काँक्रीटच्या उंचवट्यावर बसवा. वाळवी आणि गंज दोन्ही खालूनच चढतात.

बायकोचं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणून कोकणच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. तुमच्याकडे जांभा आहे, तो बांधायला सोपा, पण पाणी पितो. ओट्याचा पृष्ठभाग त्याचा ठेवू नका, वर ग्रॅनाइट किंवा घट्ट दगड घाला. पावसाचा मारा पाहता छपराच्या पागोळ्या भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर हव्यात. खाऱ्या हवेत स्वस्त स्टीलला वर्षात तांबेरा चढतो. सिंक घेताना ३०४ या दर्जाचं मागून घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. चुंबकानं ते ओळखता येत नाही. हलक्या २०२ दर्जालाही चुंबक चिकटत नाही.

गॅस आणि वीज थोडक्यात सांगतो, पण दुर्लक्ष करू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता तळाशी साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका. कपाट केलंच तर त्याला तळाशी झरोके हवेत, आणि ते उघड्या चुलीपासून लांब. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्याहून उंचावर. नळीवर छापलेली मुदत पाहून ती बदलायची, उन्हात ती लवकर कडक होते. वाऱ्यानं ज्योत विझून गॅस सुटू नये म्हणून शेगडीच्या तीन बाजूंना फूटभर उंचीचा पत्र्याचा आडोसा करा. विजेची बटणं झाकणवाली, नळापासून लांब, आणि त्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा तीस मिलीअँपिअरचा स्विच बसवून घ्या. दिवा पाठीमागे नको, ओट्याच्या वर समोर हवा, नाहीतर चिरताना आपलीच सावली हातावर पडते. आणि वाळूची एक बादली भरून ठेवा. तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, भांड्यावर झाकण टाकायचं.

तिसरा प्रश्न, पुसायचं कुणी? याचं उत्तर ज्या घरात एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतं, तिथे जागा लहान करा. कोरीव दगड, नक्षीच्या विटा, जाळीच्या खिडक्या या सगळ्यांत काजळी बसते. आम्ही दुसऱ्या वेळी फळ्या कमी केल्या, आणि मीठ-मसाल्याचं सामान एका कडीच्या ट्रेमध्ये घातलं. जाताना न्यायचं, येताना आणायचं. उंदीर, मुंग्या, मांजर यांचा प्रश्न तिथेच मिटला. आणि राख काढायचं काम माझ्याकडे आलं. ते आजही माझ्याकडेच आहे.

पैसे बेताचे असतील तर खर्चाचा क्रम असा धरा. आधी पाया आणि पाण्याचा निचरा, मग छप्पर, मग चूल आणि धुराडं, मग नळ आणि वीज. ओट्याचा दगड सर्वांत शेवटी. दगड पुढच्या वर्षीही बदलता येतो, उतार बदलता येत नाही. पक्कं बांधकाम करण्याआधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारून घ्या. काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. उन्हाळ्याआधी सगळं वाळून तयार होतं.

शेवटी एक विनंती. वीट आणायच्या आधी ठरवलेल्या जागी रांगोळीनं ओटा, चूल, नळ यांच्या रेघा मारा. तीन विटांची तात्पुरती चूल मांडा, ओट्याच्या जागी टेबल ठेवा, आणि घरातल्या पुरुषानं तिथे एक दिवस दोन्ही वेळचा स्वयंपाक करावा. २०११ मध्ये अम्मीनं मला हेच करायला लावलं. ती खुर्ची टाकून बसली होती. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, भाकरी करपली, आणि दुपारी बारा वाजता टेबल चार फूट उत्तरेला सरकलं, कारण ऊन थेट तोंडावर येत होतं. रेघा तीनदा पुसल्या आणि तीनदा मारल्या. चौथ्या वेळी अम्मी म्हणाली, 'आता बोलाव गवंड्याला.'

त्या स्वयंपाकघरात ती पुढे तीन वर्षं बसली. सगळा स्वयंपाक तिनं केला असं नाही. बहुतेकदा ती स्टुलावर बसून लसूण सोलायची आणि धूर धुराड्यातूनच जातोय ना, ते बघायची. २०१४ मध्ये ती गेली. तिचं स्टूल आम्ही हलवलेलं नाही. बायकोलाही आता गुडघ्यांचा त्रास सुरू झालाय, तेव्हा तेच कामाला येतंय.